सोपारा ते कान्हेरी वॉक: जावंच, पण नाश्त्यात वेळ घालवू नका

मागच्या रविवारी आईला घेऊन एका छोट्या ग्रुपच्या वॉकला गेलो, सकाळी सातला नालासोपारा वेस्टला भेटायचं, तिथून सोपारा आणि मग बोरिवलीला येऊन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी. आयडिया एकदम भारी आहे. कारण सोपारा म्हणजे जुनं बंदर, अपरांताची, म्हणजे जुन्या कोकणाची, राजधानी म्हणतात ते गाव, आणि तिथल्याच लोकांनी कान्हेरीच्या भिक्खूंना दानं दिलीत.

सोपाऱ्याचा स्तूप गावात बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखतात. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो खणला तेव्हा करंडक (अवशेष ठेवायच्या डब्या), भिक्षापात्राचे तुकडे आणि ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती मिळाल्या. गाईड ताईंनी आधी विटांच्या मधोमध उभं केलं आणि मग फोटो दाखवले, तेव्हा खरंच अंगावर काटा आला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच, तो आता फोर्टच्या म्युझियममध्ये आहे.

मग नाश्त्याला सव्वा तास गेला ना राव! मिसळ चांगली होती पण त्यामुळे कान्हेरीला पोचेपर्यंत ऊन चढलं, आईला पायऱ्या जड गेल्या. आयोजकांनी हे सुधारायलाच हवं.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी. तीन नंबरचा चैत्य (प्रार्थनेचं लेणं) आणि दारातले ते दोन उंच बुद्ध सगळेच बघतात, आम्हीही बघितले, पण ताईंनी जास्त वेळ दिला पाण्याला. जवळपास प्रत्येक विहाराशेजारी (भिक्खूंच्या राहायच्या लेण्याशेजारी) खडकात कोरलेलं टाकं, कातळावरून पन्हळी काढून पावसाचं पाणी त्यात सोडलेलं, एवढे भिक्खू डोंगरावर बारा महिने राहायचे ते याच्या जिवावर. तिथल्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हणतात आणि एक पोढी तर कल्याणच्या सोनाराने दिलेली. आई तिथेच बसली, म्हणाली आपल्या गावच्या विहिरीवर पण असंच दगडात नाव होतं बघ.

४१ नंबरचा अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) बघितला, ९० नंबरमधले पहलवी, म्हणजे जुन्या फारसीतले, लेख मात्र धावत धावत, १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशांची नावं आहेत तिथे, अर्धा तास तरी हवा होता.

सोमवारी पार्क बंद असतो. वर पाणी सोबत न्या, ग्रिप असलेले बूट घाला. ज्येष्ठ कोणी असेल तर दोन्ही ठिकाणं वेगळ्या दिवशी करा, आम्ही कान्हेरीला डिसेंबरात परत जातोय, ९० नंबरपासूनच सुरुवात.