अण्णांची प्रोस्टेट सोनोग्राफी: ५ पैकी ४ स्टार, एक स्टार कडीसाठी कापला

आमचे अण्णा, वय ७१, रात्रीत चार-पाच वेळा उठतात आणि धार लागेपर्यंत बादली भरून होते असं स्वतःच सांगतात. डॉक्टरांनी प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) सोनोग्राफी लिहून दिली. आधी दुसरीकडे गेलो होतो (नाव घेत नाही), तिथे एक लिटर पाणी पाजून दीड तास ताटकळत ठेवलं, शेवटी शेवटी अण्णांना बोलवेना, आणि रिपोर्टात काय तर 'प्रोस्टेट वाढलंय, ग्रेड २' आणि लघवी करून आल्यावर आत उरली १४० मिली. बस. तो १४० आकडा ऐकून आईनं देव पाण्यात घातले. युरोलॉजिस्टनी (मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी) रिपोर्ट उलटापालटा केला आणि विचारलं, मापं कुठायत? परत करून या.

म्हणून सांगलीत स्टँडजवळच्या या सेंटरला आलो. इथल्या रिसेप्शनच्या ताईंनी फोनवरच सांगितलं की घरून निघताना दोन-तीन ग्लास प्या, इथे येऊन घटाघटा पिऊ नका, आणि जोराची लागली की मला सांगा मी मधे घेते. आणि खरंच घेतलं हो!

डॉक्टर बोलके आहेत. स्क्रीन अण्णांकडे वळवून दाखवलं, हे काळं दिसतंय ते मूत्राशय, त्याच्या खाली करडं गोळ्यासारखं ते प्रोस्टेट. आडव्यात दोन मापं घेतली, मग प्रोब उभा फिरवून तिसरं. ४.६, ४.२, ३.९ सेंमी. तिन्हींचा गुणाकार करून त्याला परत ०.५२ नं गुणायचं (ग्रंथी अंडाकृती धरतात म्हणून), आले ३९ सीसी, म्हणजे साधारण तेवढेच ग्रॅम. मी मोबाइलवर करून बघितलं, बरोबर आहे. हेही म्हणाले की प्रत्येक मापात दोन-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी उत्तर पाच-सहा सीसीनं हलतं, त्यामुळे पुढच्या वर्षी ४४ आलं तर लगेच वाढलं वाढलं करत येऊ नका.

मग लघवी करून या म्हणाले, आल्यावर परत प्रोब लावला तर उरलेली ३५ मिली! फार तट्ट भरलं की मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, तिकडे १४० त्यामुळेच आली असेल म्हणे.

युरोलॉजिस्टना आता मापं मिळाली. ते म्हणाले, तरुणपणी प्रोस्टेट २०-२५ सीसी असतं, ३९ म्हणजे वाढलंय पण फार नाही. आणि आकार नि त्रास यांचं गणित जुळतंच असं नाही, ७० सीसीवाला रात्रभर झोपतो आणि ३०वाल्याची धार अडते, प्रोस्टेटचा मधला भाग मूत्राशयात किती घुसलाय तेही बघावं लागतं. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी, कॅन्सरची शंका बघायला करतात) ३.१ होता, त्याला ३९ नं भागलं, ०.०८. ०.१५ च्या खाली आहे म्हणून सध्या काळजी कमी, पण पोटावरच्या सोनोग्राफीनं कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही हेही स्पष्ट सांगितलं. टॅमसुलोसिन चालू केलीय, त्यानं ग्रंथी लहान होत नाही, स्नायू सैल पडून वाट मोकळी होते एवढंच.

बिल १२०० रुपये, रिपोर्ट अर्ध्या तासात. पार्किंगच्या नावानं शंख. आणि ज्या सेंटरला प्रत्येक पेशंट लघवी तुंबवून येतो तिथे संडास एकच आणि त्याची कडी लागत नाही, मी बाहेर दार धरून उभा, आतून अण्णा ओरडतायत, "धरलंयस ना रे?"