बासष्टची म्हणून घेतलेली गिटार

फेंडर या अमेरिकन कंपनीची जुनी स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला निघाला असाल, तर पैसे मोजण्याआधी एवढं वाचा. मी साडेतीन लाख मोजले. हातात आली ती १९६२ च्या धर्तीवर जपानात बनलेली रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नंतर काढलेली आवृत्ती.

मी डिचोलीचा, पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतो. म्हापशाजवळच्या एका घरात गिटार बघायला गेलो. विकणारा म्हणाला, काका तारवटी होते, १९६३ साली बोटीवरून घेऊन आले, तेव्हापासून पेटीतच आहे. गोव्यात प्रत्येक वाड्यावर बोटीवर गेलेलं कुणीतरी असतंच, त्यामुळे गोष्ट लगेच पटली. मानेमागच्या लोखंडी प्लेटवर ‘एल’ने सुरू होणारा नंबर होता, तो त्या काळाशी जुळला. खरी बासष्टची याच्या कितीतरी पट भावाने जाते हे मला ठाऊक होतं आणि मी त्यालाच भुललो. आईने ठेव मोडून दीड लाख दिले.

दोन महिन्यांनी सेटअपला, म्हणजे गिटार नीट जुळवून घ्यायला, मडगावच्या एका जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांनी तारा उतरवल्या, पिकगार्ड (पुढचा प्लास्टिकचा पत्रा) काढलं, बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, “पुता, हें पोरनें न्हय.” बाळा, हे जुनं नाही.

मग एकेक दाखवलं. त्या काळच्या अमेरिकन पॉटवर (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) अंकांचा कोड ठोकलेला असतो: १३७ किंवा ३०४ ने सुरुवात, म्हणजे बनवणारी कंपनी; पुढे वर्ष आणि आठवडा. माझ्या पॉटवर तसलं काहीच नव्हतं. आवाजाचा पोत बदलायचा स्विच पाच टप्प्यांचा होता. फेंडरने तो कारखान्यातून १९७७ च्या सुमारास बसवायला सुरुवात केली. त्याआधीचे तीन टप्प्यांचे. स्विच नंतर बदलता येतो, म्हणून एवढ्यावर निकाल लागत नाही. पण पिकगार्डखालचे स्क्रू चकचकीत होते. साठ वर्षं गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या वाद्याचे स्क्रू असे राहतात का? बाहेरचा रंग हाताच्या जागी नीट घासून उडवलेला, आणि फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जेमतेम झिजलेले. इतका हात लागला असता तर फ्रेट आधी गेले असते.

शेवटी मान सोडवली. टाचेवर, म्हणजे मान अंगाला जोडते त्या टोकावर, शिक्का: एसटी ६२. मानेच्या मागे ‘मेड इन जपान’ असतं ती जागा घासून वर लॅकर मारलेलं. प्लेट सुटी मिळते, हवा तो नंबर घालून.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण लोक ‘रीइश्यू’ म्हणजे नकली असं समजतात. संस्थापक लिओ फेंडर यांनी १९६५ च्या जानेवारीत कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली; त्यानंतर दर्जा घसरला असं वादक मानतात, म्हणून त्याआधीच्या गिटारींना एवढा भाव. १९८२ साली फेंडरनेच ५७ आणि ६२ च्या नमुन्यांवर अमेरिकेत आणि जपानात गिटारी काढल्या. जपानी मॉडेलच्या नावातली शेवटची संख्या म्हणजे हजार येनमध्ये त्या वेळची किंमत: एसटी ६२-११५ म्हणजे १,१५,००० येन. या गिटारी जीव ओतून बनवलेल्या आहेत, वाजवणाऱ्याच्या कामाच्या आहेत, आणि त्यांचा स्वतःचा एक भाव आहे. माझीही सुंदर वाजते. कारागिरांच्या मते ती लाखभराची. उरलेले अडीच लाख मी त्या काकांच्या गोष्टीचे दिले.

विकणाऱ्याचा फोन बंद, घर भाड्याचं निघालं. पावतीवर फक्त ‘जुनी इलेक्ट्रिक गिटार, एक नग’. वकील मित्र म्हणाला, वर्ष लिहिलेलं नाही, काय सिद्ध करणार? तेव्हा वर्ष, मॉडेल आणि नंबर पावतीवर लिहून घ्या. विकणारा मान सोडवू देत नसेल, तर घरी परत या. ‘जुना स्क्रू आहे, हलवू नका’ असं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं.

आईला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. गिटार विकायची वेळ आली तर लपवाछपवी नको म्हणून मी टाचेच्या शिक्क्याचा फोटो छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, आणि ती बनावट प्लेट काढून साधी, बिननंबराची बसवली आहे.