धूमकेतूचं केंद्रक घरबसल्या शोधायचंय? मॅस्ट आर्काइव्हचा माझा अनुभव

धूमकेतूंचं वेड असेल तर मॅस्ट, म्हणजे अवकाश दुर्बिणींच्या डेटाचं ऑनलाइन कोठार, एकदा उघडून बघाच. धूमकेतूचं केंद्रक म्हणजे त्याचा मधला घट्ट गोळा, तो शोधायचा होता मला. हबल, वेब सगळ्यांचा डेटा तिथे ठेवलाय, फुकट, आणि पब्लिक झालेल्या फाइल्सना लॉगिनपण लागत नाही.

मी घेतला सी/२०१४ यूएन२७१, म्हणजे बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतू. हबलने ८ जानेवारी २०२२ ला त्याचे पाच फोटो काढलेत. सर्च सोपाय, नाव टाकलं की यादी येते, पण फाइल फिट्स फॉरमॅटमधली, नेहमीच्या फोटो अ‍ॅपमध्ये उघडतच नाही, डीएस९ नावाचं सॉफ्टवेअर टाकून घ्यावं लागतं, आणि उघडल्यावर काय तर काळाकुट्ट स्क्रीन! उजेडाचं स्केल लॉगवर नेल्यावर (म्हणजे मंद भागही दिसतात) कुठे मधोमध एक धुरकट ठिपका उगवला. बाकी सगळीकडे पांढरे ओरखडे आणि एकाच दिशेच्या बारीक रेघा. मी त्या रेघांना धुळीचे झोत समजून अर्धी रात्र मापत बसलो, राव. ते तारे होते! दुर्बीण धूमकेतूच्या मागे मागे सरकत असते ना, म्हणून तारे ओढल्यासारखे दिसतात. ओरखडे कॉस्मिक किरणांचे, म्हणजे कॅमेऱ्यावर आदळणाऱ्या अवकाशातल्या कणांचे. घाईत मी सुट्या एक्सपोजरच्या एफएलसी फाइल उतरवल्या होत्या, जोडून साफ केलेल्या डीआरसी शेजारीच होत्या. चूक माझीच.

आता खरी गंमत. केंद्रक फोटोत दिसतच नाही. धूमकेतू तेव्हा सूर्यापासून सुमारे ३ अब्ज किमीवर होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये साधारण ५७० किमी मावतात आणि केंद्रक सगळं मिळून १२० किमीच्या आसपास. वर कोमा, म्हणजे केंद्रकाभोवतीचा धुळीचा ढग. मग करायचं काय, तर बाहेरचा कोमा केंद्रापासून लांब जाताना कसा मंद होत जातो ते मापायचं, तोच उतार आत मधोमधपर्यंत वाढवायचा आणि फोटोतून वजा करायचा. जो टिंब उरेल तो केंद्रकाचा उजेड. मान-तो हुइ, डेव्हिड ज्युइट वगैरे खगोलशास्त्रज्ञांनी हेच केलं, सोबत आल्मा या रेडिओ दुर्बिणीची मापं जोडली आणि कळलं की पृष्ठभाग जेमतेम ३ टक्के प्रकाश परत पाठवतो, कोळशापेक्षा काळा. माझ्या वजाबाकीत मात्र टिंबाऐवजी खड्डा पडला, उतार जरा जास्तच तीव्र धरला होता. चौथ्यांदा जमलं, तेही जेमतेम.

प्रत्येक धूमकेतूवर हे जमतंच असंही नाही. ३आय/अ‍ॅटलास या सूर्यमालेबाहेरून आलेल्या धूमकेतूचा फोटो हबलने २१ जुलै २०२५ ला घेतला, तिथे कोमा इतका भरगच्च की तज्ज्ञांनाही केंद्रक ३२० मीटर ते ५.६ किमी एवढ्या मोठ्या पट्ट्यातच सांगता आलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण रंगीत तयार फोटो बघायची सवय असलेला माणूस इथे पहिल्याच दिवशी पळून जाईल. आणि हो, फुल फ्रेमची एकेक फाइल दीडशे एमबीच्या वर जाते, मोबाइल डेटावर लावू नका.