याशिका मॅट-१२४जी: पोळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

पोळ्याच्या सुमारास घेतलेल्या या कॅमेऱ्याने आता मे महिन्याचं ऊनही पाहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. मत आधीच सांगतो: आपल्याकडच्या माणसांचे फोटो काढायला याहून चांगला कॅमेरा मी हाताळलेला नाही. फक्त पुस्तकातले नियम आपल्या उन्हाप्रमाणे बदलून घ्यावे लागतात.

१९७० साली आलेला हा दोन भिंगांचा जपानी कॅमेरा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या ८० मिमी एफ/३.५ याशिनॉनमधून फोटो निघतो. १२० मापाच्या फिल्म रोलवर ६×६ सेंमीच्या १२ चौकोनी फ्रेम.

याची खरी ताकद बघण्याच्या रीतीत आहे. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची. काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय पहिल्या दोन-तीन रोलमध्ये होते. मोबाइल समोर धरला की आपली माणसं ताठ होतात, हात कुठे ठेवावे कळत नाही. इथे तोंडासमोर काहीच नसतं. कापूस वेचणीला आलेली एक मावशी म्हणाली, “खाली काय पाहून राह्यला रे बापू, फोटो काढ ना!” तोवर फोटो झाला होता. शटर भिंगातच असल्यामुळे आवाज जेमतेम ‘टिक’ एवढा. शिवाय पोटाची उंची म्हणजे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांची उंची, वरून खाली बघितल्यासारखा फोटो येत नाही.

आता उजेड. भर उन्हाचा जुना नियम आहे: छिद्र, म्हणजे भिंगातली उजेडाची वाट, एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. ४०० वेगाच्या फिल्मला म्हणजे साधारण १/५०० सेकंद, आणि या कॅमेऱ्याची धाव तिथेच संपते. पण छिद्र एफ/३२ पर्यंत बारीक होतं, म्हणून दुपारीही अडत नाही. अडचण वेगळीच आहे. आपली काळी माती उजेड परत फेकत नाही. डोक्यावर पांढरा दुपट्टा, खाली काळं वावर, आणि मधला चेहरा अंधारात. मी इलफर्ड एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म ४०० ऐवजी २०० वेगाची धरून वापरतो आणि डेव्हलपिंगचा वेळ पाचव्या हिश्शाने कमी करतो. त्याने चेहऱ्यात तपशील येतो आणि दुपट्टाही जळत नाही. पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली असेल, किंवा जवळ चुना मारलेली भिंत असेल, तर खालून-बाजूने इतका सुंदर उजेड मिळतो की काही करावंच लागत नाही. दिवाळीनंतर वावरात सकाळी आठच्या आसपास काढलेले फोटो माझे सगळ्यात चांगले आहेत.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे आणि तो सेल आता बनत नाही. दीड व्होल्टचा घातला तर आकडा चुकतो. मेडिकलमध्ये कानाच्या मशीनचे ६७५ नंबरचे सेल मिळतात, १.४ व्होल्टचे. भोवती कडी घालून ते बसतात, पण कोरड्या उन्हाळ्यात लवकर सुकतात. नियम पाठ करणं स्वस्त पडतं.

रोल घरीच धुतो, आणि उन्हाळ्यात सगळी गोम पाण्यात असते. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, २० अंशांचा हवा, आणि आमच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात अंघोळीलाही चटका देतं. माठ इथे फार कामाला येतो. कोरड्या हवेत तो पाणी छान थंड करतो, उरलेले अंश बर्फाच्या तसराळ्यात बाटली ठेवून उतरवायचे. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही तेवढंच थंड हवं, नाहीतर गरम पाण्याने फिल्मवरचा थर सुरकुततो. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर डाग राहतात. शेवटची विसळणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. रंगीत रोल मी कुरियरने मुंबईला पाठवतो. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवावे आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावे. मोटारसायकलच्या डिकीत रोल कधीच ठेवू नये.

पावसाळ्यात चामड्याची पिशवी कॅमेऱ्याची वैरी आहे. ती ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, अजून काच स्वच्छ आहे.

कोणाला घ्यायचा असेल तर दोन्ही भिंगांतून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. मग एक सेकंदाचं शटर ऐका. आतलं वंगण सुकलेलं असेल तर ते रेंगाळतं. हे दुरुस्त होतं, पण किंमत ठरवताना धरा. १/५०० ठेवायचं असेल तर फिल्म पुढे सरकवायची क्रँक फिरवण्याआधीच ठेवायचं, नंतर जोर लावायचा नाही. मीटर बंद असलेला नग स्वस्तात मिळाला तर बेलाशक घ्या. पक्षी, वाघ किंवा शंकरपटातल्या बैलजोड्या टिपायच्या असतील तर मात्र घेऊ नका. भिंग बदलत नाही आणि उलट्या चित्रात धावतं जनावर पकडणं जवळपास अशक्य आहे.

पुढच्या पोळ्याआधी पिवळा फिल्टर शोधतोय, या भिंगावर बसणाऱ्या बे-१ मापाचा. कृष्णधवल फिल्मवर श्रावण-भादव्यातले ढग त्याच्याशिवाय उठून येत नाहीत.