वायपर मोटर की बॉल स्क्रू? घरच्या मोशन प्लॅटफॉर्मसाठी काय निवडावं

मोशन प्लॅटफॉर्म म्हणजे रेसिंग किंवा विमानाच्या सिम्युलेटर गेमबरोबर सीट हलवणारी चौकट. तिची मोटर सगळ्यात शेवटी घ्या. आधी ठरवा की हलवायचं काय आहे: नुसती सीट, की स्टिअरिंग, पेडल आणि मॉनिटरसकट अख्खा सांगाडा? दुसरं, चालवायचं काय आहे: गाडी की विमान? एवढं पक्कं झालं की निम्मी निवड तिथेच होते.

घरी बनवणाऱ्यांच्या दोन रुळलेल्या वाटा आहेत. पहिली वाट वायपरच्या किंवा तशाच वर्म गिअरच्या १२ व्होल्ट डीसी मोटरची. शाफ्टवर क्रँक (आडवा हात), क्रँकला दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरता सांधा) लावलेला दांडा आणि सीटखाली मधोमध सगळीकडे कलणारा युनिव्हर्सल जॉइंट (यूजे). भंगार बाजारात ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टचा यूजे मिळाला तर तो या कामाला उत्तम. दोन मोटरवर पिच (पुढे-मागे कल) आणि रोल (डावी-उजवीकडे कल) मिळतात. दुसरी वाट चार कोपऱ्यांना चार उभ्या बॉल स्क्रू ॲक्च्युएटरची (मोटर फिरली की आट्यांच्या दांड्यानं वर-खाली सरकणारे पाय), प्रत्येकावर ७५० वॉटची एसी सर्व्हो (सांगितलेल्या जागी अचूक थांबणारी मोटर). एसएफएक्स-१०० या खुल्या आराखड्यामुळे ही रचना घरोघरी पोचली. स्ट्रोक (सरकण्याचा पल्ला) १०० मिमी, आणि पिच-रोलच्या जोडीला वर-खाली हालचालही मिळते. सहा पायांचा स्टुअर्ट प्लॅटफॉर्म पहिल्या प्रयत्नात नको. बारा सांध्यांपैकी एकही ढिला राहिला तरी सगळा डोलारा खुळखुळतो.

तिसरी एक वाट दिसते, ती फसवी आहे. रिक्लायनर किंवा हॉस्पिटल बेडचे तयार ॲक्च्युएटर स्वस्त असतात आणि दोनशे किलो उचलतात, पण बहुतेकांचा वेग सेकंदाला ५ ते ३० मिमी. शिवाय ते सलग चालवण्यासाठी बनवलेले नसतात.

आता आकडे. १६०५ स्क्रू म्हणजे व्यास १६ मिमी आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरक. ३००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) सेकंदाला २५० मिमी. मोटरचा टॉर्क २.३९ न्यूटन-मीटर धरला आणि घर्षणाचे दहा टक्के वजा केले, तर एका पायाचा जोर सुमारे २७० किलो. १६१० घेतला तर वेग दुप्पट आणि जोर निम्मा. चार पायांवर माणूस आणि सांगाडा मिळून दोनशे किलो असले तरी १६१० पुरतो, पण मोटरला राखीव ताकद उरावी म्हणून १६०५ जास्त निर्धास्त.

वायपर मोटरचं गणित गमतीचं आहे. ६० आरपीएमला ४० मिमी क्रँकच्या टोकाचा वेगही सेकंदाला २५० मिमीच येतो. मग फरक कुठे पडतो? एक तर ते ६० आरपीएम बिनभाराचे. माणूस बसला की ते घसरतात. दुसरं, रेसिंगमध्ये वेगापेक्षा दिशा किती पटकन उलटते याला किंमत असते. वर्म गिअरमागचा आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) थांबवून उलटा फिरवायचा, त्यात दात्यांमधली मोकळीक. ती प्रत्येक वेळी मध्यावर 'खट्' करून जाणवते. स्कूटरच्या शॉक ॲब्जॉर्बरच्या स्प्रिंगांनी सीट एका बाजूला ताणून ठेवली तर दाते एकाच अंगाला टेकलेले राहतात आणि मोटरवरचं वजनही हलकं होतं. तरीही ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चाक चढल्याचा थरार ही मोटर देणार नाही.

विमानाला मात्र तो थरार लागतच नाही. तिथे लागतो सावकाश आणि मोठा कल. टेकऑफच्या वेळी पाठ सीटला चिकटल्याचा भास प्लॅटफॉर्म मागे कलवून देतात: ८ अंशांच्या कलाला गुरुत्वाकर्षणाचा १४ टक्के हिस्सा पाठीवर येतो. हा कल सेकंदाला साधारण ३ अंशांपेक्षा हळू दिला तर कललो हे मेंदूला कळत नाही. चार पायांच्या सांगाड्यात पुढचे आणि मागचे पाय १.३ मीटर अंतरावर असतील, तर १०० मिमी स्ट्रोकला पिच मिळतो जेमतेम ४.४ अंश. उलट ४० मिमी क्रँक ६० अंश फिरवला की ३५ मिमी हालचाल होते. दांडा जॉइंटपासून २५० मिमीवर जोडला तर ८ अंश. म्हणून विमानवाल्यांनी महाग सर्व्होंचा सोस धरायचं कारण नाही. रेसिंगवाल्यांनी मात्र पैसे साठवून थेट बॉल स्क्रूकडे जावं.

वायपर मोटरमध्ये ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी सर्किट) जळतात ते बहुधा एकाच कारणानं. बऱ्याच वायपर मोटरमध्ये निगेटिव्ह ब्रश बॉडीला जोडलेला असतो. ड्रायव्हरमधल्या एच-ब्रिजनं (दिशा बदलणाऱ्या सर्किटनं) मोटर उलटी फिरवली की बॉडीवर १२ व्होल्ट येतात. दोन्ही मोटर एकाच लोखंडी सांगाड्यावर असतील आणि विरुद्ध दिशांना फिरल्या, तर थेट शॉर्ट. झाकण उघडून ती जोडणी तोडा, स्वतंत्र वायर बाहेर काढा आणि मल्टिमीटरनं खात्री करा. तीन ब्रशच्या मोटरमध्ये कमी वेगाचाच ब्रश वापरा. जास्त वेगाचा ब्रश तिरका बसवलेला असल्यानं दोन दिशांना वेग वेगळा येतो. ड्रायव्हर बीटीएस७९६० चालतो, पण त्यावरचा ४३ अँपियरचा आकडा खरा धरू नका, पंखा लावाच. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर एसएमसी३ हे फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) तीन मोटर सांभाळतं. मोटरची जागा सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या (पॉटच्या) टोकाच्या वायरी उलट्या लागल्या तर मोटर लक्ष्याकडे न जाता सुसाट विरुद्ध टोकाला धावते. त्यामुळे पहिली चाचणी दांडा न जोडता आणि पीडब्ल्यूएम (मोटरला दिली जाणारी ताकद) कमी ठेवून घ्या. पॉट झिजतो, परवडत असेल तर चुंबकाच्या मदतीनं जागा ओळखणारा हॉल सेन्सर लावा.

बॉल स्क्रूचं दुखणं निराळं आहे. उभा भार मोटरच्या बेअरिंगवर येता कामा नये. तो बीके१२ सारख्या ब्लॉकमधल्या, अक्षाच्या दिशेचा भार पेलणाऱ्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगनं घ्यायला हवा. स्क्रू आणि मोटर एका रेषेत नसतील तर कपलिंग गुरगुरतं आणि थोड्याच दिवसांत सैल होतं. चार पाय म्हणजे डगमगत्या स्टुलाचीच गोष्ट. फरशी समतल नसेल तर एक पाय अधांतरी राहतो, म्हणून प्रत्येक पायाखाली उंची जुळवता येईल असा रबरी पॅड हवा. तो खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठीही हवाच, कारण सर्व्होची थरथर स्लॅबमधून आरामात खाली उतरते.

वीजही नीट पाहा. चार ड्राइव्ह (सर्व्हो चालवणारे कंट्रोलर) मिळून ३ किलोवॉट. प्रत्यक्ष सरासरी खप त्याच्या बराच खाली राहतो, तरी स्वतंत्र १६ अँपियरची लाइन आणि पक्कं अर्थिंग लागतं. ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थला थोडा करंट गळतो, त्यानं ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होऊ शकतो. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून गळती मोजून घ्या. मोटरच्या वायरींच्या नॉइझनं यूएसबी तुटून पेडल गायब होणं ही नेहमीची तक्रार. शील्ड केबल वापरा, यूएसबीची वायर मोटरच्या वायरींपासून लांब ठेवा, फेराइट (नॉइझ दाबणारं कडं) लावा.

आपत्कालीन लाल बटण दोन्हीकडे हवं, आणि ते सॉफ्टवेअरला नव्हे तर थेट पुरवठ्याला तोडणारं. वीज गेली की वर्म गिअर आहे तिथेच अडकतो. तिरक्या सीटवरून जपून उतरावं लागतं, एवढंच. बॉल स्क्रू मात्र भारानं उलटा फिरून खाली बसतो. सांगाड्याखाली मुलाचा हात किंवा मांजर नाही, याची खात्री प्रत्येक वेळी करा.

व्हीआर वापरणार असाल तर आणखी एक मुद्दा. प्लॅटफॉर्म हलला की हेडसेटला डोकंच हलल्यासारखं वाटतं, त्यामुळे मोशन कॉम्पेन्सेशन (प्लॅटफॉर्मची हालचाल वजा करण्याची सोय) लागतं. नुसती सीट हलते तिथे मॉनिटरचं काही बिघडत नाही, पण सीट मागे जाते आणि पेडल जागेवरच राहतात. जोरात ब्रेक दाबणाऱ्याला हे खटकतं, आणि दाबाचा जोर मोजणाऱ्या लोड सेलच्या पेडलवर तर फारच.

पैशांचं म्हणाल तर सर्व्हो आणि ड्राइव्हच्या एका सेटच्या आसपास भंगारातल्या वस्तूंवर बेतलेला दोन वायपर मोटरचा ढाचा उभा राहतो. सर्व्होचे असे चार सेट लागतात, वर स्क्रू, ॲल्युमिनिअम प्रोफाइल आणि कस्टम ड्युटी. गेममधली हालचाल मोटरपर्यंत पोचवणारं सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर हे सॉफ्टवेअर दोन्ही रचनांना चालतं, त्यामुळे आज वायपरवर शिकलेलं ट्यूनिंग पुढे सर्व्होवर कामी येतं. मोटर आणि ड्रायव्हर मात्र तेव्हा बाजूला ठेवावे लागतात.