नळाची एरेटर जाळी: दोन महिने वापरून

वाशीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून १२० रुपयांना घेतली आणि सिंकच्या नळाला हातानेच फिरवून बसवली. आधी १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरायची, आता २ मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला १२ लिटरऐवजी ५! पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार भरघोस वाटते आणि खरकटी भांडी तितकीच स्वच्छ निघतात. पातेलं भरायला मात्र वेळ लागतो. बाथरूममध्ये बादलीच्या नळाला लावू नका. क्षार बसले की धार वाकडी होते, मग रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवते.

आमच्या नवी मुंबईला पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येतं. माझं माहेर जव्हारकडचं. उन्हाळ्यात आई विहिरीवरून हंडे वाहायची, तांदळाचं धुवणही तुळशीला घालायची. मला वाहता नळ बघवतच नाही. बहिणीसाठीही एक जाळी घेतली आहे.