पुण्याच्या पावसाळ्यात बेस माल्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चाचणीच्या बिअरसाठी २० लिटरचा छोटा संच आहे. त्यावर उन्हाळ्यापासून मी देशी पिल्सनर, आयात पेल एल आणि मॅरिस ऑटर ही बेस माल्ट, म्हणजे बिअरचा मुख्य घटक असलेली, मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली, आलटून पालटून वापरतो आहे. लिहिण्याचे निमित्त मात्र जुलैत आलेल्या पेल एलच्या पिशव्यांचे. ६६ अंशांवर तासभर मॅश करूनही, म्हणजे दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजवूनही, वर्टची (त्यातून निघणाऱ्या गोड रसाची) घनता १.०४८ ऐवजी १.०४१ भरली. तापमान, पीएच, माल्ट दळणाऱ्या मिलच्या रोलरमधील अंतर, सारे तपासल्यावर दाणा चावून पाहिला. चांगले माल्ट दाताखाली कडकन फुटते आणि आत पिठूळ लागते. हा दाणा चिवट होता आणि मिलमध्ये फुटण्याऐवजी चपटा होत होता. माल्ट सादळले होते.

विक्रेत्याने २५ किलोची गोणी फोडून साध्या पिशव्या भरल्या होत्या, त्यांवर लॉट क्रमांकही नव्हता. पुष्कळ वाद घातल्यावर त्याने निम्मी रक्कम परत केली. भट्टीतून निघालेल्या माल्टमध्ये ४ ते ५ टक्के आर्द्रता असते आणि पुण्याची पावसाळी हवा ती भराभर वाढवते. त्यामुळे जात आणि देश यांच्याआधी मी आता त्या लॉटचे विश्लेषण पत्रक मागतो. आर्द्रता, प्रथिने, एक्स्ट्रॅक्ट (वर्टमध्ये उतरणारा अंश) आणि डायास्टेटिक पॉवर (स्टार्चची साखर करण्याची एन्झाइमची ताकद) हे चार आकडे ज्याच्याकडे नाहीत, त्याचे माल्ट कितीही स्वस्त असले तरी मला महागच पडते.

१९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार झालेल्या मॅरिस ऑटरची बिस्किटासारखी चव इंग्लिश बिटर या बिअरमध्ये स्पष्ट जाणवते. हॉप्स या कडू फुलांचा भडिमार असलेल्या आयपीए बिअरमध्ये ती झाकली जाते, मग देशी माल्टच्या दुपटीहून अधिक पैसे कशासाठी द्यायचे?

देशी माल्ट केवळ काटकसरीसाठी, हे माझे मत मध्यंतरी बदलले. निम्मा गहू असलेल्या बिअरमध्ये वर्ट गाळताना तळ तुंबत असे, कारण गव्हाला टरफल नसते. कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या देशी बार्लीच्या माल्टचा एक लॉट वापरला, तेव्हा तिच्या जादा टरफलांमुळे वर्ट सहज उतरला. या बार्लीत एन्झाइमही मुबलक असतात. प्रथिने जास्त असल्याने बिअर गढूळ होते, पण गव्हाच्या बिअरला ते शोभते; नितळ लागर बिअरसाठी मी ती घेणार नाही.

पिल्सनर माल्टच्या वर्टला उकळताना मक्याच्या कणसासारखा वास येतो. तो घालवण्यासाठी झाकण न ठेवता ९० मिनिटे उकळावे लागते, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून वेळ कमी करण्याचे धाडस मी करत नाही. पेल एलला ६० मिनिटे पुरतात. पिल्सनरची किंमत कमी दिसली तरी त्या अर्ध्या तासाचा गॅस मी किलोच्या भावात मिळवतो आणि मगच मागणी नोंदवतो.